त्रेसष्टावं पान

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला वाचनकक्षात दिलेली फाइल एकशे बारा पानांची होती. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ती परत मोजली, तेव्हा एकशे अकरा पानं भरली. तीन वेळा मोजली, तिन्ही वेळा एकशे अकरा. बासष्टनंतर एकदम चौसष्ट.

छत्तीस वर्षांपूर्वी गुप्तवार्ता विभागाचा एक अधिकारी परदेशात ओलीस धरला गेला आणि घरी आला तो पेटीतून. त्या प्रकरणाचे कागद आजवर कुलपात होते. सरकारनं ते गोपनीयतेतून मोकळे केले आणि त्या शुक्रवारी लोकांसाठी पहिल्यांदा उघडले. पहिल्याच दिवशी एक पान गेलं.

अभिलेखागाराच्या संचालकांनी पोलिसांना फोन केला नाही. त्यांनी तळघरातल्या दुरुस्ती विभागातून खळताईंना वर बोलावलं. पिठाची खळ लावून फाटके कागद सांधणं हे खळताईंचं एकतीस वर्षांचं काम. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

"पोलीस का नाही?" खळताईंनी विचारलं. उजवा गाल सुजल्यामुळे शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून येत होते.

"पोलीस आले की फाइल पुरावा होते. पुरावा कुलपात जातो. मग आणखी वीस वर्षं बसा वाट बघत." संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोमवारी अकराला समिती बसतेय. कामावर असताना जीव गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं गुप्तवार्ता विभागाच्या कचेरीच्या दारात काळ्या दगडावर कोरलीत. तेवीस नावं. ह्यांचं नाही. कोरायचं की नाही, ते ह्या फाइलवरून ठरणार. फाइल अपुरी असेल तर विषय कायमचा बंद."

"आणि मी काय करू? मी खळ लावणारी बाई."

"सहा महिन्यांपूर्वी ह्यातलं प्रत्येक पान तुमच्या हातून गेलंय. त्रेसष्टावं पान तुम्ही पाहिलंय."

"पाहिलंय. वाचलं नाही."

ही फुशारकी नव्हती. कागद बघायचा, मजकूर नाही, हा त्यांच्या गुरूंनी पहिल्या दिवशी घालून दिलेला दंडक. वाचायला लागलं की हात रेंगाळतो, आणि हात रेंगाळला की कागद फाटतो. एकतीस वर्षांत त्यांनी तो मोडला नव्हता.

"आता वाचा," संचालक म्हणाले.

खळताईंनी फाइल जवळ ओढली. सवयीनं आधी उलटी करून मागची दोरी बघितली. सगळी पानं कोपऱ्यातल्या भोकातून त्या एका पांढऱ्या दोरीत ओवलेली असतात. सहा महिन्यांपूर्वी ती दोरी त्यांनीच ओवली होती, गाठही त्यांनीच मारली होती.

"ही गाठ माझी नाही," त्या म्हणाल्या.

२

त्यांची गाठ साधी आणि सपाट असे. ही वेगळी होती. पहिला वेढा एकदा न घेता दोनदा घेतलेला, मग वर उलटसुलट दोन साधे वेढे. नेटकी, घट्ट, घाईतही न चुकलेली. पान ओरबाडलेलं नव्हतं. कुणीतरी दोरी सोडून ते काढलं होतं आणि उरलेली पानं नीट बांधून ठेवली होती.

खळताईंनी वाचायला सुरुवात केली.

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याकडून विभाग एक 'खूणचिठ्ठी' लिहून घेत असे. घरातला एखादा प्रश्न, ज्याचं उत्तर बाहेरच्या माणसाला ठाऊक असणं शक्य नाही. माणूस पकडला गेला, की मध्यस्थामार्फत तो प्रश्न विचारायचा. उत्तर जुळलं तर माणूस जिवंत आहे आणि आपलाच आहे.

साठावं पान म्हणजे ह्या अधिकाऱ्याची खूणचिठ्ठी. प्रश्न: रात्री घरातला दिवा कोण मालवतं? उत्तर: बायको. एकसष्टाव्या पानावर तोच प्रश्न पाठवल्याची तार. बासष्टाव्यावर तिकडून आलेलं उत्तर, दोन शब्दांचं: मालवत नाही.

त्रेसष्टावं पान नाही.

चौसष्टाव्या पानावर निर्णय. "खूण पटली नाही. मागील पानावरील पडताळणीनेही तेच सिद्ध होते. अधिकारी जिवंत नाही, किंवा आपला राहिलेला नाही. संपर्क थांबवावा." सत्त्याण्णवाव्या पानावर परदेशी डॉक्टरांचा दाखला. प्रेत सापडलं ते अकरा आठवड्यांनंतर, आणि मृत्यू त्याच्या फक्त दोन दिवस आधीचा.

म्हणजे उत्तर आलं तेव्हा माणूस जिवंत होता. उरलेला अर्थ एकच: तो फितूर झाला होता. छत्तीस वर्षं सगळ्यांनी हाच अर्थ घेतला होता.

खळताईंनी आपली दुरुस्तीवही काढली. प्रत्येक पानाची त्यात एक ओळ असे. त्रेसष्टसमोर लिहिलं होतं: "मुलांच्या वहीचा चौकोनी कागद. चार घड्या. टाचणीचा गंज नाही. मधल्या घडीवर फाटलेला, पापुद्रा लावला." तेवढंच.

कक्षाच्या नोंदवहीप्रमाणे दिवसभरात फाइल तिघांनी पाहिली होती. साडेनऊ ते अकरा, निवृत्त 'मोठे साहेब'. सुटकेची बोलणी त्यांच्याच हाताखाली चालली होती. साडेअकरा ते एक, विभागाचे निवृत्त नोंदणी कारकून. दोन ते साडेचार, अधिकाऱ्याची मुलगी. तिनं फाइलबरोबर त्या वर्षीच्या वर्तमानपत्राचा बांधीव खंडही मागवला होता. तिची आई बाहेरच्या बाकावर बसून होती. डोळ्यांत मोतीबिंदू, वाचता येत नाही.

"कोट, पिशव्या बाहेर. आत फक्त पेन्सिल," दारावरचा पहारेकरी म्हणाला. "जाताना मी बाह्यासुद्धा वर करायला लावतो. ताई, ह्या दारातून माशी गेली असेल, कागद गेलेला नाही."

"मग तो आतच आहे."

"आत साडेचार लाख कागद आहेत," पहारेकरी म्हणाला. "शोधा."

३

नोंदणी कारकुनाला सगळे 'टाचणीकाका' म्हणत. बिनटाचणीचा कागद त्यांच्या टेबलावरून कधी हलला नव्हता. शनिवारी सकाळी खळताई गेल्या तेव्हा ते जेवणाच्या टेबलावर नातवंडांची खेळण्यातली आगगाडी जोडत बसले होते.

"या, बसा. पान मी घेतलंय का, हेच विचारणार ना?"

"घेतलंय?"

"मला चोरायचंच असतं तर साठावं चोरलं असतं," टाचणीकाका म्हणाले. "खूणचिठ्ठी. तिच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक शब्द आहे. बघितलात?"

खळताईंनी बघितला होता. "पूर्वीप्रमाणे."

"माझं अक्षर." त्यांनी आगगाडीचा एक डबा रुळावर ठेवला, परत उचलला. "दर नेमणुकीला चिठ्ठी नव्यानं लिहून घ्यायची, असा नियम. हे अधिकारी दुसऱ्यांदा परदेशी निघाले ते घाईत. खाली गाडी उभी. मी विचारलं, चिठ्ठीत काही बदल? ते जिन्यात होते. ऐकू गेलं की नाही, देव जाणे. मी जुनी चिठ्ठी काढली, पूर्वीप्रमाणे असं लिहिलं आणि टाचली. सहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी हो. लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हाची. सहा वर्षांत घर बदलत नाही का?"

"बदलतं."

"मुलगी झाली होती त्यांना. चार वर्षांची होती." काकांनी इंजिनाला डबा अडकवला. "बायकोला दर वर्षी वाटतं, मी ह्या महिन्यात चिडचिडा का होतो. मी सांगतो, हवा बदलते म्हणून."

खळताईंनी वहीतली ओळ वाचून दाखवली. चार घड्या, गंज नाही.

"मग ते माझ्या टेबलावरून गेलेलंच नाही," काका ताबडतोब म्हणाले. "घड्या घातलेला कागद म्हणजे खिशातला कागद. कुणीतरी वरच्यानं नंतर स्वतःच्या हातानं दोरीत ओवला. आणि तो पडताळणीचा कागद असेल, तर पडताळणीला एकच जण गेले होते."

"मोठे साहेब."

"मी नाव घेतलं नाही हां."

उठताना खळताईंनी विचारलं, "काका, तुमच्या विभागात कागदाच्या मागच्या बाजूला कधी लिहायचे?"

"छे! मागची बाजू कोरी, हा पहिला नियम. मागे लिहिलेलं बघतो कोण?"

४

मोठ्या साहेबांचं घर टापटिपीचं होतं. ते खिडकीशी बसून आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत भरत होते. हात कापत होता. सोमवारची गोळी बुधवारात पडत होती. एका गोळीचं पाकीट फाडता येईना, तेव्हा खळताईंनी ते हातातून घेऊन फाडून दिलं.

"आभारी आहे. पूर्वी ह्या हातानं मी तारायंत्र चालवत असे."

ह्या हातानं दोरीची ती गाठ मारणं शक्य नव्हतं. खळताईंनी मनातल्या मनात एक नाव खोडलं, तरी प्रश्न विचारलाच. "त्रेसष्टाव्या पानावर काय होतं?"

"अधिकाऱ्याच्या पत्नीचा जबाब. 'मालवत नाही' असं उत्तर आल्यावर मला चैन पडेना. मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. नवरा संकटात आहे हे सांगायची मनाई होती, म्हणून घरातल्या वीस गोष्टी विचारल्या. दूध कोण आणतं, किल्ली कुठे असते. त्यात एक, दिवा कोण मालवतं. बाई म्हणाल्या, मीच मालवते. चिठ्ठीशी तंतोतंत जुळलं. मग आलेलं उत्तर चूक, हे ओघानं आलंच."

"तुम्ही कागद नेला नव्हतात?"

"सरकारी कागद बघून बाई घाबरल्या असत्या. त्यांनी मुलीच्या वहीचं पान फाडून दिलं."

"आणि काय लिहिलंत?"

"चार ओळी. एका बाजूला."

"मागे?"

"मागे कोरं." साहेबांनी डबीचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही. त्यांनी परत लावलं. "कोरं होतं. त्या पानात विशेष काही नाही, बाई. ते गेलं म्हणून समितीचं काही अडू नये."

खळताई बाहेर पडल्या आणि फाटकाशीच थांबल्या. त्यांनी वही उघडून ती ओळ पुन्हा बघितली. मधल्या घडीवर फाटलेला, पापुद्रा लावला.

कागदाला मजकूर एकाच बाजूला असेल तर त्या मागून जाड पट्टी डकवत. मजबूत आणि झटपट काम. कांद्याच्या पापुद्र्यासारखा तो महागडा, आरपार दिसणारा कागद त्या एकाच वेळी वापरत: दोन्ही बाजूंना अक्षर असेल तेव्हा.

साहेब चोर नव्हते. पण खोटं बोलत होते.

५

मुलगी दातांची डॉक्टर होती. शनिवारी दुपारी खळताईंनी फोन केला, तेव्हा पलीकडून आधी प्रश्नच आला. "उजवी दाढ ना? बोलण्यावरून कळतंय. उद्या सकाळी या. रविवारी बंद असतं, पण तुमच्यासाठी उघडते. दवाखान्यातच बोलू."

तपास करायला गेलेल्या माणसाचं तोंड उघडं आणि जीभ बधिर असेल, तर तो फारसं विचारू शकत नाही. खळताई खुर्चीत आडव्या झाल्या आणि मुलगी बोलत राहिली.

"दाढ गेलेलीच आहे. किती दिवस अंगावर काढलंत? कागदाची एवढी काळजी घेता... मान इकडे. हं. मी चार वर्षांची होते. बाबांचा चेहरा मला आठवतच नाही. हात आठवतो. दुखलं तर डावा हात वर करा. फितुराची मुलगी म्हणून शाळेत एकीनं माझ्या डब्याला हात लावला नव्हता. तिच्याही दाढा नंतर मीच काढल्या, दोन. बिनइंजेक्शनच्या काढाव्यात असं फार वाटलं होतं. नाही काढल्या."

दाढ निघाली. मुलीनं सुई घेतली. डोक्यावरच्या दिव्याच्या काचेत खळताईंना तिचे हात दिसत होते. दोरा चिमट्याभोवती गेला. एकदा. दोनदा. मग ओढला. मग वर उलटसुलट दोन वेढे.

खळताईंनी डोळे मिटले.

कापूस दाबून धरून त्या उठून बसल्या, तोवर आतल्या दारातून एक वृद्ध बाई पाण्याचा पेला घेऊन, भिंतीला हात लावत आल्या. मुलीची आई.

"तुम्ही त्या कागदांच्या कचेरीतल्या ना? बरं झालं भेटलात. एवढी जाडजूड फाइल, ही अडीच तास आत, मी बाहेर बाकावर. काय होतं विचारलं तर म्हणते, काही नाही. अगं, काही नाही वाचायला अडीच तास लागतात होय?"

"आई, त्यांना बोलता येत नाहीये आत्ता."

"मग ऐकता तर येतं. उद्या नाव लागेल ना हो त्यांचं दगडावर?"

खळताईंना खरोखरच बोलता येत नव्हतं. आई पेला ठेवून आत गेल्या. मुलगी हात धुत होती. गेल्या अर्ध्या तासात तिनं सगळं विचारलं होतं, फक्त पानाचा काही पत्ता लागला का, हे विचारलं नव्हतं.

"दोनदा वेढा का?" खळताईंनी बोटांनी खूण करून, अर्ध्या जिभेनं विचारलं.

"ओल्या जागी एका वेढ्याची गाठ सैल पडते. दोन घेतले की धरून राहते." मुलगी पाठमोरीच होती. "सवयच लागलीय. बुटाची नाडीसुद्धा मी अशीच..."

नळ चालू होता. तिनं तो बराच वेळ बंद केला नाही.

६

सोमवारी साडेआठला खळताईंनी वाचनकक्ष उघडून घेतला. साडेचार लाख कागदांत शोधायची गरज नव्हती. पान ज्या हातांनी काढलं, त्या हातांत शुक्रवारी दोनच गोष्टी होत्या. एक फाइल, आणि दुसरा वर्तमानपत्राचा बांधीव खंड.

खंड अवजड होता. कुठलं पान उघडायचं, हा प्रश्नही त्यांना पडला नाही. प्रेत सापडल्याची बातमी ज्या दिवशी छापून आली, तो दिवस त्यांनी काढला. सातव्या पानावर तळाशी सहा ओळींची बातमी, आणि तिच्यावर चार घड्यांचा चौकोनी कागद.

त्यांनी तो उलगडला. समोरची बाजू वाचली. मग, एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. पापुद्रा डकवलेली मागची बाजू वर धरली आणि शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. सहा महिन्यांपूर्वी हा कागद एक अख्खा दिवस त्यांच्या टेबलावर होता. ह्याच अक्षरांवरून त्यांनी खळीचा कुंचला फिरवला होता.

साडेनऊला आई आणि मुलगी समितीसाठी आल्या. आईंना दालनात बसवून खळताई मुलीला तळघरात घेऊन गेल्या आणि कागद टेबलावर ठेवला. समोरची बाजू वर.

मुलगी बसली. "मी चोर नाही."

"ठाऊक आहे. चोरानं ओढून फाडलं असतं. तुम्ही दोरी सोडलीत आणि परत बांधलीत. पण का?"

"वाचलंत ना?" तिनं कागदाकडे न बघता त्यावरची ओळ म्हणून दाखवली. "'दिवा कोण मालवतं? पत्नी: मीच मालवते.' आमच्याकडे दिवा मालवत नसत. मी अंधाराला घाबरायचे, म्हणून बाबा रात्रभर चालू ठेवायचे. ते गेल्यावर आईनं माझी ती सवय मोडली. मी रडले होते, मला आठवतं. म्हणजे बाबांचं उत्तर बरोबर होतं. त्यांना त्यांचं घर आठवत होतं, तसंच त्यांनी सांगितलं. आणि इकडे आईच्या दोन शब्दांनी... ती सत्तर वर्षांची आहे. आज हा कागद समितीत वाचणार, उद्या पेपरात येणार. तिला कळणार की नवरा तिच्या तोंडून मेला. आणि सुरुवात कुठून? मी अंधाराला घाबरायचे तिथून. मी ठरवलं, नाव नको दगडावर. बाबा गेलेत. आई आहे."

"आईंना विचारलंत?"

"काय विचारू? तू बाबांना मारलंस का, म्हणून?"

"मागची बाजू बघितलीत?"

मुलीनं मान वर केली. "मागे काही नसतं. सगळ्या फाइलीत सगळी पानं मागे कोरी आहेत. मी तर पहारेकऱ्याकडे लक्ष ठेवून, न बघताच घड्या घातल्या."

"एकशे अकरा कोरी आहेत," खळताई म्हणाल्या, आणि त्यांनी पान उलटलं.

७

समितीचे तिघे सभासद लांब टेबलाच्या एका बाजूला बसले. दुसऱ्या बाजूला आई, मुलगी, टाचणीकाका आणि साक्षीसाठी बोलावलेले मोठे साहेब. संचालकांनी फाइल पुढे केली. एकशे बारा पानं.

खळताई उभ्या राहून बोलल्या. टाक्यांमुळे सावकाश, पण एकही शब्द न गाळता. पान कुणी काढलं, कुठे ठेवलं, का ठेवलं. मुलगी आईचा हात धरून होती. आईंनी तो सोडवून घेतला आणि तिच्या मांडीवर एक चापटी मारली. हळू नव्हती.

"आता खूण," खळताई म्हणाल्या. "साठाव्या पानावरचं उत्तर सहा वर्षं जुनं होतं. मुलीच्या जन्माआधीचं. त्यावर 'पूर्वीप्रमाणे' एवढंच लिहून ते चालवलं गेलं."

"मी लिहिलं," टाचणीकाका म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

"तरीही चूक सुधारायची एक संधी होती. पडताळणीला गेलेल्या अधिकाऱ्याला सगळं खरं सांगितलं गेलं होतं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं होतं. साहेब, अक्षर तुमचं आहे. तुम्हीच वाचता का?"

त्यांनी कागद मोठ्या साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी आधी समोरची बाजू वाचली. आवाज स्थिर होता. मग ते थांबले. त्यांना कुणी सांगितलं नाही. पान त्यांनी स्वतःच उलटलं.

"'निघताना, दारात. मुलगी कडेवर. बाई म्हणाल्या: ते होते तोवर आम्ही दिवा मालवत नव्हतो. पोर घाबरते. मी येईपर्यंत मालवू नकोस, असं ते सांगून गेले होते. मी मागच्या महिन्यात तिची सवय मोडली. त्यांना सांगू नका.'"

"खाली आणखी एक ओळ आहे," खळताई म्हणाल्या. "वेगळ्या शाईत. दोन दिवसांनंतरची तारीख आहे."

"'उत्तर बरोबर होते.'" साहेबांनी कागद खाली ठेवला. "गाडीतून कचेरीत पोचतो तोच वरून फोन आला. बाई काय म्हणाल्या, एवढंच विचारलं. मी समोरची बाजू सांगितली. दारातलं बोलणं जबाबात धरत नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. दोन दिवसांनी खिशातला कागद परत हातात आला. तोवर संपर्क तोडला होता. तो पुन्हा जोडायचा, तर चूक माझी होती हे लिहून द्यावं लागलं असतं. कागद जाळवेना. मग फाइलीत ओवला, ही बाजू खाली करून. आमच्याकडे मागची बाजू कुणी बघत नाही, हे मला माहीत होतं. रोज वाटायचं, आज कुणीतरी उलटेल. रोज वाटायचं, आज तरी नको."

"अकरा आठवडे," एक सभासद म्हणाला.

"सत्त्याहत्तर दिवस," साहेब म्हणाले. "मी मोजलेत."

मुलगी रडत होती. आई रडत नव्हत्या. त्या साहेबांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसल्या होत्या.

"तुम्हीच होय ते," त्या म्हणाल्या. "उभ्या उभ्या लिहिलंत. मी म्हटलं होतं, बसून लिहा की. आणि हिला काय वाटलं, मी सांगितलंच नाही? बाई गं, छत्तीस वर्षांत एकदा तरी विचारायचंस. मला कधी कुणी काही विचारतच नाही. मी ऐकलं तर मोडेन, असं सगळे धरून चालतात." त्यांनी पदराच्या टोकानं कोरडेच डोळे पुसले. "साहेब, एक सांगा."

"विचारा."

"त्यांना सांगू नका, असं मी म्हटलं होतं. दिवा मालवायला लागले म्हणून. तर सांगितलंत का त्यांना?"

"नाही, बाई," साहेब म्हणाले. "त्यांना कुणीच काही सांगितलं नाही."

समितीनं निर्णयाला सहा मिनिटं घेतली. चोविसावं नाव कोरायचं ठरलं. मुलीला वर्षभर वाचनकक्षात प्रवेश बंद, असं संचालकांनी लिहिलं आणि खाली सही केली. मोठ्या साहेबांनी आपला जबाब स्वतःच्या हातानं लिहायचा हट्ट धरला. अक्षर लागत नव्हतं, तेव्हा टाचणीकाकांनी शेजारी बसून तो उतरवून घेतला आणि शेवटी खिसे चाचपले. टाचणी नव्हती.

खळताई तळघरात परत आल्या. त्रेसष्टावं पान त्यांनी दोरीत ओवलं, मागची बाजू वर करून, आणि आपली सपाट गाठ मारली. मग दुरुस्तीवही उघडून जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहिली.

"पान ६३. दोन्ही बाजूंना मजकूर. वाचला. उशिरा."